'सेट'चे सदतीस अर्थ आणि एक भांडण

सर,

तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या अंगणात तिरडी बांधत होते. भूमपासून आत असलेल्या तुमच्या त्या गावात मी यापूर्वी दोनदाच आले होते, त्यामुळं तुमच्या पत्नी, काकू, सोडल्या तर ओळखीचं असं कुणी नव्हतं. काकूंच्या शेजारी बायकांत बसले होते. तेवढ्यात बांधणाऱ्यांपैकी एक म्हातारबाबा पोरांवर खेकसले, "आरं, उशाकडची बाजू खाली चाललीय. सेट करा की नीट!" आणि मी सवयीनं मान वळवून तुमच्याकडं पाहिलं. ऐकलंत का, म्हणून. तुम्ही पांढऱ्या कापडाखाली होतात. आपले सदतीस अर्थ झाले होते. हा अडतिसावा धरायचा, की 'जमवून बसवणं' म्हणून सतराव्यातच घालायचा, हे आता कुणाला विचारू? त्या घडीला मला जे रडू फुटलं ते खरं तर एवढ्यासाठीच. बायकांना वाटलं, शाळेतली बाई आहे, किती जीव होता बघा.

जीव होताच. पण भांडणही होतं, आणि ते अर्धंच राहिलंय. म्हणून हे लिहितेय.

अठरा वर्षं आपण एका शाळेत इंग्रजी शिकवलं. तुम्ही नववी-दहावीला, मी खालच्या वर्गांना. दोघंही कळंबला राहणारे, सकाळची एकच एसटी. तुम्ही खिडकीशी, मी पलीकडच्या बाकावर, मधे कुणाची तरी पिशवी. खेळ सुरू झाला तो कंडक्टरमुळं. बाजाराचा दिवस होता, गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि तो ओरडला, "मागं सरका, मागं सरका, सगळे सेट होतेत!" तुम्ही माझ्याकडं वळून गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "मॅडम, हा अर्थ कुठल्या डिक्शनरीत सापडंल हो?" मी म्हटलं, "कळंब डेपोच्या." तुम्ही खिशातली डायरी काढली आणि लिहून घेतलं. पहिला अर्थ: दाटीवाटीत कसंबसं मावणं.

मग नियम ठरले. नियमांशिवाय तुम्हाला खेळसुद्धा खेळता यायचा नाही. अर्थ जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला हवा. पुस्तकातला चालणार नाही. जो आधी ऐकेल त्याच्या नावावर. आणि 'सेटिंग' हा शब्द आपल्या हद्दीत येत नाही, ते वेगळं खातं. मोबाइलातली सेटिंग, साहेबाकडं लावलेली सेटिंग आणि कॉलेजच्या पोरांची सेटिंग, अशा तीन-तीन अर्थांवर तुम्ही पाणी सोडायला लावलंत. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

तरी किती जमले! बोअरची मोटार सेट करणारे होते, सहा कपांचा सेट आंदणात देणारे होते. केस सेट, घड्याळ सेट, डॉक्टरनं बसवलेला दातांचा सेट. गवंड्याच्या तोंडी स्लॅब सेट व्हायचा, सोयरिकीत लग्न सेट व्हायचं, आणि पोरगा एकदा पुण्याला सेट झाला की आईबाप सुटायचे. "तूरडाळ सेट होत न्हाय मला," असं एक आजी पोटावर हात ठेवून म्हणाल्या तेव्हा आपण दोघांनी एकाच वेळी ऐकलं आणि तो कुणाच्या नावावर यावरून आपली शाळेपर्यंत जुंपली. एकदा एका नव्या सुनेला तिची मैत्रीण विचारत होती, "सासूसंगं सेट झालं का?" आणि ती म्हणाली, "सासूच सेट झाली, मी व्हायची हाय अजून." तुम्ही रुमालानं तोंड दाबून हसत होतात. डायरीत मात्र तुमच्या त्या टाकानं काढल्यासारख्या अक्षरात शांतपणे उतरलं: एकोणतीस, दोन स्वभाव जुळणं.

एवढं हसूनही तुमचं मत तसूभर हललं नाही. बसमधला सेट बसमध्ये, पेपरातला सेट पेपरात. "शब्द आपला न्हाई, मॅडम. पाव्हणा हाय. पाव्हण्याला पाव्हण्यासारखंच वागवावं." मी म्हणायची, पाहुणा पन्नास वर्षं राहिला की तो घरचाच होतो, त्याला शेण काढायला लावलं तरी चालतं. तुम्ही म्हणायचात, "तुमच्या घरी लावत असताल. माझ्या वर्गात न्हाई." या वादात मला मजा यायची. पुढं त्याची किंमत कोण देणार आहे, हे आपल्या दोघांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

तुमचा हा कडकपणा कुठून आला, ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत. येरमाळ्याच्या अलीकडं गाडी बंद पडली होती, आपण बाभळीखाली उभे होतो. तुमचे वडील मेंढरांमागं फिरलेले, घराण्यात शाळेचा उंबरा ओलांडलेले तुम्ही पहिले. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत तुम्ही एक वाक्य बोललात आणि समोरचे तिघं हसले. मोठ्यानं नाही, नुसते एकमेकांकडं बघून. "काय वाक्य होतं?" मी विचारलं. तुम्ही सांगितलं नाही. म्हणालात, "वाक्य जाऊ द्या. माझ्या पोरांच्या इंग्रजीवर कुणी तसं हसू नये, एवढंच बघायचं मला." मग दुसरी गाडी आली आणि आपण चढलो.

आता अश्विनीच्या पेपराकडं येते. अकरा वर्षं आपण त्याच्याभोवती फिरतोय.

नववीची वार्षिक परीक्षा. पेपर तुम्हीच काढलेला. शेवटचा प्रश्न, 'सेट' हा शब्द वापरून पाच वाक्यं लिहा, गुण पाच. आपल्या खेळाचा लोभ तुम्हाला आवरला नाही, असं मी तेव्हा चिडवलंही होतं. अश्विनीनं पाचही वाक्यं लिहिली होती. मला ती पाठ आहेत. द स्लॅब इज सेट. माय ब्रदर इज सेट इन पुणे. माय सिस्टर मॅरेज सेट. माय फादर सेट द मोटर. आणि पाचवं, माय मदर हॅज नो सेट.

पहिल्याला तुम्ही एक गुण दिलात, बाकीच्यांवर लाल रेघ. पास व्हायला तिला तीन कमी पडले. ग्रेसचे गुण गणितातच खर्ची पडले होते. अश्विनी नापास झाली. बापानं शाळेतून काढली. एवढीच गोष्ट, आपल्याकडं वर्षाला दोन-चार घडते तशी.

त्यावर मी तुम्हाला किती बोलले, सर! जूनमध्ये नववीच्या हजेरीत तिचं नाव दिसलं नाही आणि मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत तुम्हाला सुनावलं. ज्या अर्थांवर रोज बसमध्ये हसता, तेच पोरीनं लिहिले तर रेघ मारता? मोटारीचं वाक्य तर डिक्शनरीतही बसतं. पोरीनं तिचं घर लिहून दिलं होतं तुम्हाला, आणि तुम्ही व्याकरण बघत बसलात. तुम्ही हातावरचा खडू पुसत ऐकून घेतलंत. म्हणालात, "आजबी तपासाया दिला तर तेवढंच देईन." त्या दिवशी परतीच्या गाडीत मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले.

नंतर बोलणं सुरू झालं, खेळही सुरू झाला, पण हा काटा मी काही काढला नाही. तुमच्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा भाषणात एक टोमणा मारलाच, की सरांच्या हातून गुण सुटणं म्हणजे कोरड्या विहिरीतून पाणी काढणं. लोक हसले. तुम्हीही हसलात. तुम्ही एवढी वर्षं ऐकून कसं घेता, याचं मला मनातून नवल वाटायचं. मी त्याचा अर्थ असा लावला, की यांना आपली चूक कळलीय, फक्त कबूल करवत नाही.

आता खरं सांगते. तुमच्या दहाव्यापर्यंत हे मी कुणाजवळ बोलले नव्हते, घरातसुद्धा नाही.

आपल्या शाळेची रीत होती. एकानं लाल पेनानं तपासलेला पेपर दुसऱ्यानं उघडून बघायचा आणि हिरव्या पेनानं सही करायची. काठावरच्या पोरांना दोन-तीन गुण वाढवायचा अधिकार त्या हिरव्या पेनाला होता. म्हणून तर ती रीत होती. तुमच्या पेपरांवर हिरवी सही माझी असायची. अश्विनीच्या पेपरावरही माझीच आहे.

तुम्ही गठ्ठा माझ्यापुढं ठेवलात तेव्हा तिचा पेपर वेगळा काढून वर ठेवला होता. म्हणालात, "मॅडम, ह्यो जरा नीट बघा. तीन कमी पडतेत." तुम्ही माझ्यावर सोपवत होतात, हे मला आज कळतंय. तुमच्यानं रेघ पुसवत नव्हती, ती मी पुसावी असं तुम्हाला वाटत होतं. एप्रिलचं ऊन, पाच वाजत आलेले, गाडीची वेळ झालेली. मी वाक्यं वाचली. पाचवं वाचलं, माय मदर हॅज नो सेट, आणि मला हसू आलं. मी मोठ्यानं म्हटलं, "कशाचा सेट हो सर, दातांचा का?" खोलीतले दोघं-तिघं हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडं पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहत राहिलात. मी सही केली, पर्स उचलली आणि निघाले.

तिला गळ्यातला सेट म्हणायचं होतं. लग्नात बायकांच्या अंगावर असतो तो, हार आणि कानातलं. तिच्या आईकडं नव्हता. हे कळायला इंग्रजी लागत नाही, सर. बाई असून मला ते कळायला जून उजाडावा लागला. तेव्हा माझी मलाच इतकी लाज वाटली, की ती कुठं ठेवावी कळेना. तुम्ही समोर होतात, तुमचं लाल पेन समोर होतं. मी ती तुमच्यावर टाकली.

आणि तुम्ही अकरा वर्षांत एकदाही म्हणाला नाहीत, "मॅडम, सही तुमची हाय." हुकमाचं पान हातात धरून तुम्ही बसून राहिलात. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांपुढं टाकू शकला असतात. एकदा, तुमच्या आजारपणात, फोनवर विषय निघाला. तुमचा आवाज खोल गेला होता. तरी मी आपलं सुरूच, की त्या पोरीचं तुम्ही नुकसान केलंत. मग तुम्ही म्हणालात, "बरं, मॅडम. पस्तिसावा अर्थ सांगू का, परवा दवाखान्यात ऐकला?" पस्तिसावा तर कधीच होऊन गेला होता. मी दुरुस्त केलं. सलाइन सेट केलंय, असं नर्स म्हणाली होती. तो सदतिसावा. तो तुमच्या नावावर आहे.

तुमच्या दहाव्याला मी परत तुमच्या गावी आले. वाटलं होतं, शाळेतलं कुणी भेटेल. कुणी आलं नव्हतं. जेवणं उरकली, मी ओट्याच्या कडेला सावलीत बसले होते. एक बाई येऊन शेजारी बसली. डोक्यावर पदर, पायात धुळीनं भरलेल्या चपला, हातात पाण्याची बाटली. "मॅडम, वळखलं का?"

मी नाही ओळखलं. आवाज ओळखीचा वाटला फक्त.

"मी अश्विनी."

ती माकणीहून आली होती. पहाटे निघून, तीन गाड्या बदलून. तिथं तिचं सासर आहे, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करते. तुम्ही गेल्याचं तिला काकूंनीच कळवलं होतं. काकूंनी! मी म्हटलं, "तुझी नि काकूंची ओळख कशी?" तर ती माझ्याकडं असं बघायला लागली, की हे मला माहीत नसेल यावर तिचा विश्वासच बसेना.

मग तिनं जे सांगितलं, सर, ते तुम्ही मला का नाही सांगितलंत? नापास झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात तुम्ही तिच्या घरी गेला होतात. दहावीला बाहेरून बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरू, म्हणून बापाला विनवलंत. बाप म्हणाला, "एकडाव नापास केलंच की तुमी. आनखी किती डाव करताव?" तुम्ही पाणी पिऊन परत आलात. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. तुम्ही पत्ता काढत माकणीला गेलात, सासऱ्यांशी बोललात. ते तयार झाले. फॉर्म तुम्ही भरलात. आणि वर्षभर दर रविवारी सकाळी फोनवरून तिला इंग्रजी शिकवलंत. रविवारी सकाळी तुमचा फोन कायम गुंतलेला असायचा. सरांचं कुणाशी एवढं बोलणं चालतं, म्हणून मी काकूंजवळ थट्टा करायची. काकू नुसत्या हसायच्या.

"धावीला इंग्रजीत साठ पडले मला," अश्विनी म्हणाली. "सर म्हणले, 'पेपर म्या बरूबरच तपासला व्हता. पर तीन मार्कापायी पोरगी घरी बसती, हे मला कळाया पायजे व्हतं.'" मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आन् पयल्यांदा घरी आल्ते तवाच त्यांनी हेबी सांगितलं, की 'मॅडम तुझ्यासाठी लई भांडल्या माझ्यासंगं. सगळ्यांसमोर भांडल्या.' मला लई बरं वाटलं व्हतं तवा. कुनीतरी आपल्या बाजूचं हाय म्हणून."

सर, तुम्ही तिला सही माझी आहे हे सांगितलं नाहीत. भांडण तेवढं सांगितलंत. मला तिच्या नजरेत चांगलं करून ठेवलंत आणि निघून गेलात. तिथं ओट्यावर बसून मला तुमचा राग आला आणि तुमच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "अश्विनी, त्या पेपरावर सही माझी होती. तीन गुण मला देता आले असते. सरांनी पेपर माझ्यापुढं वेगळा काढून ठेवला होता. मी तुझी वाक्यं वाचली आणि हसले. मोठ्यानं हसले. मग भांडले, ते नंतर."

तिनं बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, झाकण लावलं. तुमच्या अंगणात पोरं ताटं धूत होती, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि जावंच.

"हसन्यासारखीच व्हती ती वाक्यं," ती म्हणाली. "मी माझ्या मालकाला सांगितली तवा त्येबी हसले. मीबी हसले. त्याचं काय न्हाय."

मग तिनं बाटली बाजूला ठेवली. ती समोर बघत होती.

"पर मॅडम, मी दोन वर्सं घरीच व्हते की. शाळेच्या मागंच तर आमचं घर. वर्गातलं तुमचं शिकवनं आयकू यायचं, वारं इकडून आसलं की. सर मोकळ्या हातानं का हुईना, येऊन गेले. मला वाटायचं, भांडल्यात म्हंजी मॅडम बी येतील एखाद्या दिवशी." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी साधेपणानं, राग नाही काही नाही, "तुमी का न्हाय आलात?"

सर, अठरा वर्षांत मी तुमच्यापुढं कधी गप्प बसले नाही. तिच्यापुढं बसले. तुम्ही चुकलात, हे मी तुम्हाला अकरा वर्षं ऐकवत राहिले, कारण त्या घराच्या दारापर्यंत चालत जाण्यापेक्षा ते मला सोपं होतं.